क्वांटम थ्रिलरमध्ये काहीही चालतं? अजिबात नाही

सोलापुरातल्या आमच्या वाचणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, आणि परवा पार्क चौकात चहाला जमलो तर तिथंपण तोच विषय. थोडक्यात असं म्हणणं, की क्वांटममध्ये, म्हणजे अणू आणि त्याहून बारक्या कणांच्या विज्ञानात, काहीही शक्य आहे, जग खरं नाही हे सिद्ध केलं म्हणून २०२२ चं नोबेल दिलं, आपण बघतो म्हणून वस्तू असते, दोन कण जोडले की क्षणात कुठंही मेसेज जातो, टेलिपोर्टेशन तर होऊनपण गेलंय, त्यामुळं क्वांटम थ्रिलरमध्ये चुका काढणाऱ्यांनी गप्प बसावं. मी काय गप्प बसणार नाही, कारण मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि असल्या समजुतींनी त्याचंच वाटोळं होतंय.

आधी नोबेलचं बघू. ते आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना मिळालं, एन्टँगल्ड, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या फोटॉनवरच्या (प्रकाशाच्या कणांवरच्या) प्रयोगांसाठी. मूळ प्रश्न जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये मांडलेला. समजा चाटी गल्लीतनं एक लाल आणि एक निळी चादर दोन बंद पार्सलात घालून एक पुण्याला, एक हैदराबादला पाठवली. पुण्यात लाल निघाली की हैदराबादची निळी हे लगेच कळतं, त्यात नवल काही नाही, रंग आधीच ठरलेले होते. फोटॉनचंपण असंच असेल तर दोन्हीकडची मापं जुळवून जो एक आकडा काढतात तो २ च्या वर जाऊ शकत नाही, हे गणितानं पक्कं आहे. क्वांटमचं गणित सांगतं तो २.८३ च्या आसपास जाऊ शकतो, आणि प्रयोगात तो खरोखर २ ओलांडतो. म्हणजे उत्तरं आधीच ठरलेली असतात आणि लांबच्या मापाचा इथं काही संबंध नसतो, या दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवता येत नाहीत. यातनं "जग खरं नाही" कुठनं काढलं?

आणि मेसेजचं तर यातच उत्तर आहे. चादरींच्या जागी जोडलेले फोटॉन पाठवले, तर हैदराबादवाल्याला त्याच्या मशीनवर नुसते रँडम ० आणि १ दिसतात, पुण्यात कुणी माप घेतलं काय, नाही घेतलं काय, त्याच्या आकड्यांत काडीचा फरक पडत नाही, मेळ कळतो तो दोघांनी फोन करून याद्या शेजारी ठेवल्यावरच, आणि फोन प्रकाशापेक्षा जोरात जात नाही. आता यावर थ्रिलर लिहा की! व्हिलनकडं अर्धी यादी आहे, उरलेली अर्धी साध्या फोनवरनं येणार आहे आणि तो फोन अडवायचाय. मला तर ही गोष्ट क्षणात जाणाऱ्या मेसेजपेक्षा कितीतरी जास्त धरून ठेवते.

"बघितलं म्हणून वस्तू असते" यावर व्हिएन्नातले प्रयोग पुरे आहेत. तिथं १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या रेणूंचे इंटरफेरन्सचे पट्टे दाखवले, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्या की उमटतात तसे. पुढं अशाच मोठ्या रेणूंवर प्रयोग करताना व्हॅक्यूम चेंबरमध्ये मुद्दाम थोडा थोडा गॅस सोडला, तसे पट्टे फिके होत गेले. गॅसचे कण धडकले, रेणू कुठल्या वाटेनं गेला त्याची खूण बाहेर पडली, झालं. त्याला कुणाचं मन लागत नाही की डोळे.

टेलिपोर्टेशनची कल्पना १९९३ ची, लॅबमध्ये झालं १९९७ मध्ये, आणि २०१७ मध्ये चिनी उपग्रहापर्यंत १४०० किलोमीटरवर. पण जाते ती फोटॉनची अवस्था, फोटॉन नाही. मूळ जागची अवस्था पुसली जाते आणि दर वेळी दोन बिटांचा साधा निरोप पाठवावाच लागतो. अनोळखी क्वांटम अवस्थेची कॉपी काढता येत नाही हे १९८२ पासून माहिती आहे, तरी हिरोची डुप्लिकेट निघतेच.

राहिलं "काहीही शक्य". अरे, मग टेन्शन कशाचं? दार उघडंच असेल तर पळून जाण्यात काय थरार? क्वांटम की, म्हणजे मेसेज कुलूपबंद करायची गुप्त किल्ली फोटॉनवरनं वाटण्याची १९८४ ची पद्धत घ्या. मधेच कुणी फोटॉन पकडून मापले आणि तसेच पुढं पाठवले तर जुळायला पाहिजेत त्या बिटांपैकी साधारण २५ टक्के चुकतात, चोर आपोआप उघडा पडतो. यात अख्खी कादंबरी आहे.

चहावर एकजण म्हणाला, "मराठीत कुठं जमतंय बे असलं?" जमलंय की, कधीच जमलंय. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विश्वासराव वाचतात आणि मराठे जिंकतात, आणि हे दुसरं जग कुठनं आलं याचं उत्तर शोधताना क्वांटममधल्या अनिश्चिततेचाच आधार घेतलाय. गंगाधरपंत बटण दाबून मनाला येईल तेव्हा तिकडं ये-जा करत नाहीत. म्हणूनच त्यांच्या हातात पुराव्यादाखल काय उरलं, यासाठी आपण शेवटपर्यंत वाचत राहतो.