आयटी ऑडिटरला गुण कसे द्यावेत?

सांगलीतील एखाद्या सहकारी बँकेच्या ऑडिट कमिटीवर आपली वर्णी लागली असेल, तर संगणक प्रणाली तपासणाऱ्या ऑडिटरच्या कामाचे मूल्यमापन करण्याची वेळ आपल्यावर कधीतरी येणारच. त्यासाठी संगणकातले काही कळावे लागत नाही. किंबहुना न कळलेलेच बरे.

प्रथम अहवालाची जाडी पाहावी, मग त्यातील त्रुटी मोजाव्यात. जाडी भरपूर आणि त्रुटी नाममात्र असतील, तर ऑडिटर उत्तम समजावा. निवृत्त झालेल्या रोखपालाचा युजर आयडी अजून चालू असून त्यावरून गेल्याच आठवड्यात व्यवहार मंजूर झाला आहे, असले काही तो उकरून काढत असेल, तर ‘संस्थेच्या कौटुंबिक वातावरणाशी जुळवून घेण्याची क्षमता’ या रकान्यात त्याचे गुण कापावेत.

बॅकअपच्या बाबतीत विशेष सावध असावे. समंजस ऑडिटर ‘बॅकअप रोज घेता ना?’ असे विचारतो, आपण ‘होय’ म्हणतो, तो बरोबरची खूण करतो आणि चहा येतो. खोडसाळ ऑडिटर मात्र तोच बॅकअप आपल्यादेखत परत चढवून दाखवा म्हणतो, आणि वर पर्यायी सर्व्हर मुख्य सर्व्हरच्याच इमारतीत, तोही तळमजल्यावर का, असे विचारतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेली होती, हे बाहेरगावच्या माणसाने सांगलीकरांना सांगावे, हा उद्धटपणा झाला. वर्तनाचे गुण येथेच संपतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवल्याचा दाखला देणारा ऑडिटर नकारात्मक वृत्तीचा असतो. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २०२२ चा निर्देश त्याला तोंडपाठ असतो. संचालक मंडळाची बैठक सूचनापत्र काढून बोलवावी लागते, ही सहकारातील मूलभूत बाब मात्र ठाऊक नसते.

गतवर्षीच्या त्रुटींवर ‘पूर्तता केली’ एवढा शेरा वाचून जो समाधान पावतो, पुरावा मागत नाही, त्याला पैकीच्या पैकी द्यावेत. शक्यतो ही गुणपत्रिका भरण्याचे काम आयटी विभागप्रमुखांकडेच सोपवावे, कारण ज्याची तपासणी झाली त्याच्याइतके तपासनीसाला कोण ओळखणार? त्यांनी पूर्ण गुण दिल्यास पुढील वर्षाची नेमणूक त्याच बैठकीत उरकून घ्यावी.