बेचाळिशीत निवृत्त व्हा, नाशकातच राहा

आधी एक्सेल शीट उघडा. महिन्याचा खर्च 50 हजार, म्हणजे वर्षाचे 6 लाख, गुणिले 25, झाले दीड कोटी. एवढे जमले की राजीनामा. पहिल्या वर्षी त्यातले 4 टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्यायचे. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने 1994 साली हा हिशेब मांडला, तो तिकडच्या शेअर-रोख्यांवर आणि 30 वर्षांच्या निवृत्तीसाठी. तुम्ही बेचाळिशीत थांबलात तर बहात्तरीला बेंगेनसाहेब रजा घेतात. घराण्यात कुणी नव्वदी गाठली असेल तर त्यांचा फोटो हॉलमधून काढून ठेवा, उगाच धाकधूक नको.

महागाईचाही बाऊ करू नका. 6 टक्क्यांनी खर्च 12 वर्षांत दुप्पट होतो, आणि 12 वर्षं मोजायला नाशिककराला कॅलक्युलेटर लागत नाही. 2027 च्या सिंहस्थात जे घर 50 हजारांत चालतं, त्याला पुढच्या सिंहस्थाला लाख लागतील, त्यापुढच्याला दोन लाख. साधू-महंतांचं बरं असतं, ते एसआयपी बघत बसत नाहीत.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबरच जातो आणि नव्या पॉलिसीत जुन्या दुखण्यांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेवढं बीपी आवरून धरा.

पैशाचं झालं. आता मंगळवारी सकाळी अकरा वाजता घरात कसं बसायचं ते शिका, कारण शीटमध्ये त्याचा कॉलमच नाही. पहिल्या दिवशी कामवाल्या मावशी विचारतील, "साहेब, आज सुट्टी?" दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना नुसतंच "पाय वर घ्या" म्हणतील. गुरुवारी त्या स्वयंपाकघरात जाऊन, आवाज खाली आणून, बाईसाहेबांकडे पुढच्या महिन्याचा पगार ॲडव्हान्स मागतील. ही बाई शेअर बाजारात का नाही, कळत नाही.

सोसायटीत "आर्थिक स्वातंत्र्य" वगैरे बोलू नका. खालच्या मजल्यावरचे काका अंबडच्या कारखान्यातून व्हीआरएस घेऊन बाहेर पडलेले, ते तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतील, "होतं असं. आमच्याकडेपण कमी केले होते." तुम्ही दीड कोटीचा उल्लेख केलात तर दोन गोष्टी होतील: काकांचा विश्वास बसणार नाही आणि मेव्हण्याचा बसेल. मेव्हण्याला गंगापूर रोडला हॉटेल टाकायचंय.

आईसाठी सोपं उत्तर तयार ठेवा. "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं की तिने "घरून काम करतो" म्हणावं. लॉकडाऊनमुळे एवढी सोय झाली. लॅपटॉप उघडा ठेवा, पाहुणे आले की कपाळाला आठ्या घाला.

वेळ कसा जाईल, ही चिंता तर सोडाच. आत्याला डॉक्टरकडे नेणं, भाच्याला नाशिकरोड स्टेशनवरून आणणं, गॅसवाल्याची वाट बघणं, ही कामं इतकी वर्षं तुमच्या ऑफिसमुळेच अडली होती. "मीटिंग आहे" या दोन शब्दांनी तुमचं किती रक्षण केलं, ते आता कळेल. आणि सिंहस्थात शाहीस्नानाला येणारे यच्चयावत नातेवाईक तुमच्याकडेच उतरतील. तुम्ही काय, मोकळेच! दीड कोटीच्या गणितात सतरा माणसांचा नाश्ता धरला होता का? मिसळ म्हटलं तरी पाव एक्स्ट्रा लागतोच.

शेवटी सोसायटीची वार्षिक सभा. कोपऱ्यात बसा, मान खाली घाला, फोनमध्ये बघा; उपयोग नाही. सेक्रेटरीपदासाठी एकच नाव येईल आणि टाळ्या आधीच वाजतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला बेल वाजली तर दचकू नका. टँकर आलाय, आणि टाकीच्या झाकणाची किल्ली आता तुमच्याकडे असते.