‘दहा वर्षं जुनी लक्झरी गाडी घ्या, खर्च काही येत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नव्या छोट्या गाडीच्या पैशात दहा-बारा वर्षं जुनी बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडी येते. कमी चाललेली बघा, स्कॅनर लावून एरर नाही ना तेवढं तपासा आणि खुशाल घ्या, अशा आशयाचा मेसेज सतत फिरत असतो. त्यातली गाडीची किंमत खरी असते. पुढचे दावे एकेक करून पाहू.

‘किंमत निम्म्याहून खाली आली, म्हणजे गाडी स्वस्तच पडली.’

किंमत गाडीची उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हेडलाइट असो वा एअर सस्पेन्शनचा (गाडी हवेच्या दाबावर तोलणारी यंत्रणा) स्ट्रट, म्हणजे चाकाजवळचा उभा आधार, तो महागड्या गाडीसाठी बनलेला असतो आणि त्याच हिशेबाने विकला जातो. मजुरीचंही तेच. बीएमडब्ल्यूच्या एन47 डिझेल इंजिनात टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला बसवलेली आहे. चेनचे गाइड, म्हणजे तिला जागेवर धरणाऱ्या पट्ट्या, झिजले की इंजिनाच्या मागच्या बाजूने खरखर ऐकू येते. चेन आणि गाइड हे काही फार मोठे भाग नव्हेत, पण तिथवर हात पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुर्लक्ष करून चेन तुटलीच, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि विषय इंजिन बदलण्यावर जातो. मर्सिडीजच्या सुरुवातीच्या एम272 व्ही6 इंजिनांत बॅलन्स शाफ्टचे (इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा) दाते झिजतात. तिथेही इंजिन बाहेर काढल्याशिवाय काम होत नाही. त्यामुळे मॉडेलच्या नावापेक्षा इंजिनाचा कोड आणि उत्पादनाचं साल आधी विचारा.

‘कमी चाललेली असली की झालं.’

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. रबर आणि प्लास्टिक किलोमीटर मोजत नाहीत, ते वयाने कडक होतात. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, होजचे जोड दहा वर्षांत ठिसूळ होतात, मग मीटरवर आकडा काहीही असो. डिझेल गाडी कमी चालली म्हणजे बहुतेकदा जवळच्या जवळच चालली. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली काजळी जाळायला साधारण 600 अंश सेल्सियस तापमान लागतं; छोट्या फेऱ्यांत ते गाठलंच जात नाही, फिल्टर तुंबतो आणि अर्धवट राहिलेल्या जाळणीसाठी जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

एअर सस्पेन्शन असेल तर एक रात्र हवीच. संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा, चारही चाकांच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. त्याआधी दार किंवा डिकी उघडू नका, नाहीतर काही गाड्या जाग्या होऊन स्वतःच उंची सावरायला बघतात. एकच कोपरा दोन-तीन सेंटिमीटर बसला असेल, तर बहुधा त्या स्ट्रटमधली हवेची रबरी पिशवी चिरलेली असते. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे ती जागा दाखवतात. ही गळती तशीच ठेवली की कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि जळतो. मग खर्च एकाच्या जागी दोन भागांचा.

‘स्कॅनरवर एरर नाही, म्हणजे गाडी निर्दोष.’

एरर पुसायला मिनिटही लागत नाही. पुसल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे गाडीच्या स्वतःच्याच तपासण्या, स्कॅनरवर अपूर्ण दिसतात आणि बरंच अंतर चालल्यावरच पूर्ण होतात. विक्रीच्या दिवशी ते अपूर्ण असतील, तर व्यवहार थांबवून कारण विचारा. शिवाय साधा स्कॅनर मुख्यतः इंजिनाचंच सांगतो; एअरबॅग, एबीएस, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांची मॉड्यूल (त्यांना चालवणारे छोटे संगणक) वाचायला त्या कंपनीचं निदान सॉफ्टवेअर लागतं. इग्निशन चालू केल्यावर इंजिनाचा दिवा क्षणभर तरी लागायलाच हवा. नाही लागला तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. आणि कार्पेटखाली हात घाला. सनरूफच्या निचरा नळ्या तुंबल्या की पाणी तिथे उतरतं, आणि बऱ्याच गाड्यांत मॉड्यूल किंवा वायरिंगचे जोड नेमके तिथेच असतात.

‘ऑटोमॅटिकचं ऑइल आयुष्यभराचं असतं.’

कुणाच्या आयुष्याचं, हे मेसेज लिहिणारे सांगत नाहीत. बीएमडब्ल्यू आणि ऑडीच्या अनेक गाड्यांत ज्यांचे गिअरबॉक्स आहेत ती झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. अनेक झेडएफ बॉक्समध्ये फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) असतो, म्हणून पॅन अख्खं बदलतात. ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल 30 ते 50 अंशांवर असतानाच बघायची. गरम बॉक्समध्ये अंदाजाने भरलं तर कमी पडतं आणि गिअर झटके देऊ लागतात. बिलावर गिअरबॉक्स ऑइलचं नाव नसेल, तर ते काम तुमच्या खर्चात धरा.

‘मोठं काम निघालं तर बाहेरच्या गॅरेजमध्ये निम्म्यात होतं.’

हे अर्धं खरं आहे. लेमफोर्डर, साक्स, बॉश, माले यांचे भाग डब्यावर गाडीच्या कंपनीचं नाव नसलं तरी बिनधास्त घ्या. यातले कित्येक कारखान्यातही बसतात. अडतं ते कामाच्या शिस्तीत. बीएमडब्ल्यूच्या एन52 इंजिनाचा ब्लॉक मॅग्नेशियमचा, त्यामुळे त्यावरचे अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट एकदाच वापरायचे आणि ठरलेल्या टॉर्कपर्यंत (पिळाच्या जोरापर्यंत) आवळल्यावर आणखी ठरलेल्या अंशात फिरवायचे. जुनेच परत लावले तर तुटतात. डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचं, कंपनीच्या मंजुरीचंच ऑइल लागतं. बॅटरी बदलल्यावर अनेक मॉडेलांत तिची नोंद गाडीत करावी लागते, नाहीतर नव्या बॅटरीला जुनी समजून चार्जिंग होत राहतं. गॅरेज निवडताना बोल्ट, ऑइल आणि बॅटरी यांबद्दल एवढे तीन प्रश्न विचारा, आणि तेही गाडी घ्यायच्या आधी.