दर कापल्याचे पत्र आले, तर उत्तर लेखी द्यावे

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणाऱ्या माझ्या ओळखीच्या अनेक मुक्त व्यावसायिकांना गेल्या काही काळात, ग्राहक आणि अनुवादक यांच्यामध्ये काम पोहोचवणाऱ्या एजन्सींकडून, साधारण एकाच आशयाचे पत्र आले आहे. यापुढे मजकूर आधी मशीनकडून अनुवादित होऊन येईल, आपण तो फक्त तपासून सुधारायचा आहे, त्यामुळे येत्या १ तारखेपासून प्रतिशब्द दर निम्मा राहील, असे त्यात नम्रपणे कळवलेले असते. आपले मत विचारलेले नसते. मी बरीच वर्षे याच कामावर घर चालवत आहे आणि दरकपातीइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, मला अस्वस्थ करणारी गोष्ट आहे ती त्या पत्राला आपल्याकडून मिळणारा प्रतिसाद.

आधी हिशेब पाहू. समजा, दर प्रतिशब्द दीड रुपया आहे आणि काळजीपूर्वक काम करणारी व्यक्ती दिवसाला २,००० शब्द अनुवादित करते. दिवसाचे ३,००० रुपये झाले. आता दर ७५ पैसे झाला. मशीनचा मजकूर बऱ्यापैकी असला आणि वेग दीडपट झाला, असे उदारपणे धरले, तरी ३,००० शब्दांचे २,२५० रुपयेच होतात. म्हणजे यंत्राने वाचवलेल्या वेळेचा सगळा फायदा एजन्सीकडे जातो आणि वर आपल्या खिशातले ७५० रुपयेही जातात. कायदा, वैद्यक किंवा जाहिरात यांसारख्या विषयांत वेग दीडपटही होत नाही, कारण मूळ वाक्य वाचा, मशीनचे वाक्य वाचा, दोन्ही ताडून पाहा आणि मग ठरवा की सुधारायचे की पुसून नव्याने लिहायचे, अशी दुहेरी मेहनत तिथे पडते.

यात मराठीचा स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो एजन्सीच्या कोष्टकात कुठेच दिसत नाही. आधी अनुवादित होऊन साठवलेल्या वाक्याशी ९० टक्के जुळणाऱ्या नव्या वाक्याला दराचा थोडासाच हिस्सा द्यायचा, ही पद्धत मशीन अनुवादाच्या आधीपासून रूढ आहे. ती टक्केवारी मोजली जाते इंग्रजी वाक्यावर. इंग्रजीत एक नाम बदलले तर बहुधा तेवढेच बदलते. मराठीत नामाचे लिंग बदलले की विशेषण बदलते, क्रियापद बदलते, विभक्तीचा प्रत्यय लागताना सामान्यरूप बदलते, आणि ‘जुळलेले’ वाक्य जवळजवळ पूर्ण पुन्हा लिहावे लागते. हे आपण एजन्सीला दोन-चार प्रत्यक्ष वाक्ये समोर ठेवून दाखवायला हवे. तिकडच्या व्यवस्थापकाला मराठी येत असेलच असे नाही, आणि कोणी सांगितल्याशिवाय त्याला हे कळण्याचा मार्ग नाही.

पण आपण दाखवत नाही. आपल्यातले बहुसंख्य लोक पत्राला ‘ठीक आहे’ असे उत्तर देतात आणि मनातल्या मनात ठरवतात की निम्म्या पैशांत निम्मेच लक्ष द्यायचे. मशीनचे वाक्य व्याकरणात बसते आहे ना, मग पुढे चला. मला हा मार्ग मान्य नाही, आणि कारण केवळ व्यावसायिक अभिमानाचे नाही. नव्या औषधांच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या व्यक्तीला तिला समजेल अशा भाषेत माहिती देऊनच संमती घेतली पाहिजे, असे २०१९ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ती मराठी संमतिपत्रके आपल्यासारखेच लोक तयार करतात. विमा नाकारण्याच्या अटी, कर्जाच्या व्याजाचे नियम, गोळ्या कधी घेऊ नयेत याची सूचना, हे सगळे आपल्या हातून जाते. मशीनने एखादा नकार गाळला आणि आपण घाईत तो पाहिला नाही, तर त्याची किंमत एजन्सी मोजत नाही, तिचा ग्राहकही मोजत नाही. ती मोजते एखाद्या रुग्णालयात कागदावर सही करणारी बाई, जिला आपल्या दराबद्दल काहीही माहीत नाही. आपल्यावर झालेला अन्याय मुकाट्याने तिच्याकडे ढकलणे हे मला कोणत्याही दरात पटणारे नाही.

काही जण काम सोडून देतात. ज्यांच्याकडे दुसरे ग्राहक आहेत त्यांना ते शक्य असते, पण ज्यांचा घराचा हप्ता याच एजन्सीच्या देयकावर चालतो त्यांना ‘सोडून द्या’ असा सल्ला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आणखी काही जण ४० पैशांत काम घेणाऱ्या नव्या मुलामुलींना दोष देतात. मला तो रोष समजतो, पण न्याय्य वाटत नाही. नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला बाजारातला दर कोणी सांगितलेला असतो? आपण सगळे आपापला दर गुपित ठेवतो आणि तिला तो माहीत नसल्याबद्दल तिच्यावरच रागावतो.

माझ्या मते करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. दर कमी होत असेल तर कामाची व्याप्ती कमी करावी, दर्जा नाही, आणि ते लेखी कळवावे. म्हणजे असे लिहावे की या दरात मी फक्त अर्थाच्या चुका सुधारेन, शैली आणि परिभाषेची एकवाक्यता पाहणार नाही. संमतिपत्रके, करार आणि औषधांची माहिती या दरात घेणार नाही. किंवा मजकूर पाहून तासाच्या दराने काम करेन. एखाद्या फाइलवर किती वेळ लागला याची नोंद सोबत जोडावी. माझा अनुभव असा आहे की तक्रारीला उत्तर येत नाही, पण वेळेच्या नोंदीला येते, कारण ती नोंद घेऊन व्यवस्थापकाला त्याच्या वरिष्ठांकडे जाता येते. त्याच्या ग्राहकानेही त्याचा दर कापलेला असण्याची शक्यता असते. हे लक्षात ठेवून लिहिलेले पत्र जास्त परिणामकारक ठरते.

ग्राहक भारतातला असेल तर कायद्याचाही आधार आहे आणि आपण तो फार क्वचित वापरतो. जुन्या दराने मागवलेल्या आणि आपण स्वीकारलेल्या कामाचा दर मध्येच एकतर्फी बदलता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करारातील बदलाला दोन्ही पक्षांची संमती लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांसाठीची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे आणि मुक्त अनुवादकही ती करू शकतो. काम घेण्याआधी ती झालेली असली, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हा कायदा दर वाढवून देत नाही, हे खरे आहे. पण थकलेल्या पैशांच्या भीतीने नवा दर मान्य करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ती भीती तरी याने कमी होते.

एकत्र येण्याचा विषय निघाला की सगळ्यांनी मिळून एक किमान दर जाहीर करावा, अशी सूचना हमखास येते. त्यात सावध राहावे, कारण स्वतंत्र व्यावसायिकांनी संगनमताने किंमत ठरवणे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ च्या कक्षेत येऊ शकते. मुंबईत पटकथालेखकांची नोंदणीकृत संघटना अनेक दशके करार, श्रेय आणि थकबाकी यांवर काम करत आली आहे. अनुवादकांनाही कामाच्या अटी, देयकाची मुदत आणि कराराचा नमुना यांपासून सुरुवात करता येईल.

ज्यांना असे पत्र आले असेल त्यांनी उत्तर त्या १ तारखेच्या आत पाठवावे. नव्या दराचे पत्र हातात असताना काही न बोलता पुढची फाइल पूर्ण करून पाठवली, तर ती कृतीच संमती मानली जाऊ शकते, आणि त्यानंतर जुन्या दराचा आग्रह धरणे फार कठीण होऊन बसते. माझ्या उत्तराचा मसुदा आणि वेळेच्या नोंदीचा तक्ता ज्यांना हवा असेल त्यांनी मला संदेश पाठवावा, विशेषतः या कामात नव्याने आलेल्यांनी. मी माझा दरही सांगेन.