‘खिल’ म्हणजे घुसडलेलं नव्हे

नवरात्र आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: श्रीसूक्त वेदातलं नाहीच. ऋग्वेदाच्या १०२८ सूक्तांत ते सापडत नाही, ते ‘खिल’ भागात आहे. खिल म्हणजे मागाहून घुसडलेलं, आणि घुसडलं ते पुरोहितांनी, दक्षिणेसाठी. यंदा हा मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर आला. दर शुक्रवारी श्रीसूक्त म्हणणाऱ्या माझ्या मावशीने मला फोन करून विचारलं, “अरे, मग मी चाळीस वर्षं काय म्हणत होते?” तिच्यासाठी हे नीट लिहून काढतो आहे.

त्यातलं खरं आधी मान्य करू. आज आपल्याकडे चालते ती ऋग्वेदाची शाकल संहिता, म्हणजे शाकल या शाखेने (पाठपरंपरेने) जपलेला मंत्रसंग्रह, आणि तिच्या दहा मंडलांत श्रीसूक्त नाही. ‘श्रीसूक्त पाचव्या मंडलात आहे’ असं उत्तर देणारेही चुकतात. पाचव्या मंडलाच्या शेवटी ते जोडून म्हणायची रीत आहे, एवढंच.

पण १०२८ हा आकडा पुढे करणाऱ्याने तो कसा झाला ते पाहिलेलं नाही. शाकल संहितेची सूक्तं १०१७. त्यांत आठव्या मंडलातली ११ वालखिल्य सूक्तं मिळवली की १०२८ होतात. आणि वालखिल्य ही खिलांतच मोजली जातात! वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनी त्यांच्यावर भाष्य केलेलं नाही. उलट ऐतरेय ब्राह्मण या ऋग्वेदाच्या यज्ञविधींच्या ग्रंथात, यज्ञात ती कशी म्हणायची याचा विधी आहे. म्हणजे ज्या आकड्याच्या जोरावर खिलांना बाहेर काढायचं, त्या आकड्यातच खिलं बसलेली आहेत.

संहितेच्या आतलं सगळं एकाच वयाचं, हेही खरं नाही. शाकल्य या आचार्याने ऋग्वेदाचा पदपाठ (संधी सोडवून शब्द सुटे केलेला पाठ) केला, तेव्हा सहा ऋचांची पदं पाडली नाहीत. ‘त्र्यम्बकं यजामहे’, म्हणजे महामृत्युंजय मंत्र, त्यांतलीच एक, आणि संध्येत म्हणतात त्या ‘ऋतं च सत्यं च’च्या तिन्ही ऋचाही त्यांतल्याच. या ऋचा संहितेत उशिरा स्थिरावल्या असाव्यात, असं अभ्यासक त्यावरून मानतात. महामृत्युंजयाला मात्र कोणी बनावट म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

आता ‘खिल’ हा शब्द. त्याचा मूळ अर्थ पडीक रान, नांगराखाली न आलेली जमीन. अथर्ववेदात (७.११५) ‘खिले गा विष्ठिता इव’ असं आलं आहे: पडीक रानात पांगलेल्या गाई गुराखी जशा निवडून वेगळ्या करतो, तशा मी या लक्ष्मी वेगळ्या करतो, पुण्य लक्ष्मी इथे रमोत. आपल्या गावाचं गायरान डोळ्यांपुढे आणा. ते कोणाच्या सातबाऱ्यावरचं शेत नसतं, पण गावाच्या शिवेच्या आतच असतं. खिलसूक्तांची जागा नेमकी तशी आहे.

आणि या रानात जुनंही पुष्कळ आहे. काश्मीरमध्ये शारदा लिपीत लिहिलेलं ऋग्वेदाचं एक भूर्जपत्राचं हस्तलिखित संस्कृतचे अभ्यासक गेओर्ग ब्यूलर यांना १८७५ साली मिळालं. आज ते पुण्यात भांडारकर संस्थेत आहे. त्यात खिलांचे पाच अध्याय आहेत, आणि पाचव्यात निविद् आहेत, म्हणजे सोमयागात ‘होता’ (ऋग्वेदाचे मंत्र म्हणणारा ऋत्विज) म्हणतो ती छोटी गद्य आवाहनं. खुद्द ऋग्वेद म्हणतो, ‘तान् पूर्वया निविदा हूमहे वयम्’ (१.८९.३): त्या देवांना आम्ही पूर्वीच्या निविदेने बोलावतो. सूक्त रचणाऱ्या ऋषीलाच निविद् जुनी वाटत होती. आज हाती असलेली प्रत्येक निविद् तेवढी जुनी आहे असं यातून सिद्ध होत नाही. पण ‘खिलात आहे म्हणजे मागाहूनचं’ हा नियम मात्र इथेच मोडतो.

त्याच अध्यायात कुंताप सूक्तं आहेत. राजा परिक्षिताच्या राज्यातलं एक घर त्यांत दिसतं. बायको नवऱ्याला विचारते: तुझ्यासाठी काय आणू, दही, मंथ की परिस्रुत? (मंथ म्हणजे सातूचं पीठ घुसळून केलेलं पेय, परिस्रुत म्हणजे आंबवलेलं.) राज्य सुखात आहे हे सांगायला कवीला एवढा एक प्रश्न पुरला. मला हा सगळ्या वैदिक वाङ्मयातला फार जिवंत तुकडा वाटतो. ऋग्वेद्यांकडे तो खिलात आहे, अथर्ववेदाच्या शौनक शाखेत मात्र थेट संहितेत, विसाव्या कांडात. ‘तच्छंयोरावृणीमहे’ या शांतिमंत्राचंही तसंच आहे. शाकलांची संहिता ‘समानी व आकूतिः’ या ऋचेवर संपते, बाष्कल या दुसऱ्या शाखेची संपते ‘तच्छंयोः’वर. एका शाखेचं खिल ही दुसऱ्या शाखेची संहिता असते. मग घुसडलं कोणी आणि कुठे?

घुसडणारा माणूस खुणा पुसतो. इथे परंपरेने खिलांना वेगळं नाव दिलं, वेगळे अध्याय केले, त्यांची वेगळी अनुक्रमणी (सूची) ठेवली. श्राद्धात खिलं ऐकवावीत असं मनुस्मृती (३.२३२) उघडपणे सांगते. पद, क्रम, जटा, घन अशा, शब्द सुटे करून किंवा ठरावीक क्रमाने पुन्हापुन्हा जोडून म्हणायच्या पाठांनी संहिता इतकी घट्ट बांधली होती की तिच्यात नवं काही सरकवणं जवळजवळ अशक्यच होतं. श्रीसूक्त बाहेर राहिलं, हाच ते कोणी घुसडलं नाही याचा पुरावा. दक्षिणेच्या आरोपाला तर त्या मजकुरात एकही आधार दिलेला नाही.

श्रीसूक्ताची भाषा ऋग्वेदातल्या जुन्या मंडलांपेक्षा अलीकडची आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यातली श्री अजून शेताच्या बांधावरची आहे. नववी ऋचा तिला ‘करीषिणी’ म्हणते. करीष म्हणजे वाळलेलं शेण. जिच्या घरी शेणाची समृद्धी, म्हणजे गुरांची समृद्धी, ती. अकराव्या ऋचेत कर्दम येतो, म्हणजे चिखल.

श्रीसूक्ताला भर पडलीच आहे, ती मूळ ऋचांच्या पुढे. पुस्तिकांत शेवटी छापलेला ‘लक्ष्मीं क्षीरसमुद्रराजतनयां’ हा शार्दूलविक्रीडितातला श्लोक वैदिक नाही. पण कुठे थांबायचं हे सूक्ताची फलश्रुतीच सांगते: ‘सूक्तं पञ्चदशर्चं च श्रीकामः सततं जपेत्’. श्रीची इच्छा असणाऱ्याने पंधरा ऋचांचं हे सूक्त सतत जपावं.

मावशीला फोनवर एवढंच वाचून दाखवलं. तिने पुस्तिका उघडून मोजलं आणि पंधराव्या ऋचेखाली पेन्सिलीने रेघ मारली. “पुढचंही म्हणेन,” ती म्हणाली, “पण आता ते कुठून सुरू होतं ते मला माहीत आहे.”