उलटी चार्ज केलेली बॅटरी नवी होत नाही, आणि फ्यूज मशीन वाचवत नाही

‘प्लस-मायनस उलटं लागलं तरी घाबरू नका’ असा एक लांबलचक मेसेज जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेरकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. घरच्या प्लगला उलट-सुलट नसतं, मग बॅटरीला कशाला? झटका मशीनमध्ये (शेताच्या कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र) फ्यूज असतो, तो वाचवतो. लाल प्लस आणि काळी मायनस एवढं पाळलं की झालं. तरी भीती वाटत असेल तर छोटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आडवा, म्हणजे प्लस-मायनसच्या मध्ये टाका, कितीही मोठी बॅटरी चालते. आणि शेवटी, उतरलेली जुनी बॅटरी दोन तास उलटी चार्ज केली की नव्यासारखी होते. माझ्या चुलतभावाने हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, आज रातले इन्व्हर्टरनी बॅटरीवर करी दखसू’ (आज रात्री इन्व्हर्टरच्या बॅटरीवर करून बघतो).

त्याला आधी फोन केला, मग हे लिहायला बसलो. सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण त्यात माणसाचे डोळे जाऊ शकतात.

लेड-ॲसिड बॅटरीत प्लसची प्लेट लेड डायऑक्साइडची असते आणि मायनसची सच्छिद्र शिशाची. मायनसच्या मालात बेरियम सल्फेट, लिग्निन, कार्बन असे पदार्थ मुद्दाम मिसळलेले असतात, म्हणजे ती प्लेट वर्षानुवर्षं घट्ट न होता काम करते. प्लसमध्ये ते नसतात. घरोघरी असलेल्या ट्युब्युलर बॅटरीत तर दोन्ही प्लेटांची बांधणीच वेगळी. प्लस म्हणजे नळ्यांची रांग, मायनस म्हणजे सपाट जाळी. उलटं चार्जिंग करायचं म्हणजे नळ्यांना मायनसचं आणि जाळीला प्लसचं काम लावायचं. ज्यासाठी त्या घडवलेल्याच नाहीत ते काम करताना लिग्निन जळतं, माल सुटून तळाशी बसतो, आणि बॅटरीत जो थोडाफार जीव उरलेला असतो तोही जातो.

हे झालं बॅटरीचं. माणसाचं काय? बॅटरीत थोडा जरी चार्ज असताना साध्या चार्जरचे चिमटे उलटे लावले, तर चार्जरच्या आतले डायोड बॅटरीसाठी सरळ पडतात आणि बॅटरी त्यांच्यातून शॉर्ट होते. 150 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर देते. चिमट्याशी ठिणगी उडते, वायरचं प्लास्टिक वितळतं. बॅटरी पार उतरवून केलं तरी पाणी फुटून हायड्रोजन निघतोच, आणि हवेत तो 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत असला की स्फोटक असतो. बंद खोलीत, झाकणं लावलेल्या बॅटरीशेजारी एक ठिणगी पुरते. फुटली की सल्फ्युरिक ॲसिड थेट तोंडावर. कुणाच्या डोळ्यात गेलंच तर तिथल्या तिथे वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटं डोळे धुवा आणि मग दवाखाना गाठा. मेसेज लिहिणाऱ्याने हे लिहायला हवं होतं.

अर्धं सत्य एवढंच, की जास्त दिवस पडून राहिल्याने प्लेटांवर सल्फेट धरलं असेल, तर कमी करंटवर सावकाश चार्ज केल्याने कधीकधी थोडा फरक पडतो. पण ते चार्जिंग सरळ असतं, प्लसला प्लस.

उलट्या चार्जिंगचा आणखी एक घात आहे. अशा बॅटरीवर ‘+’ छापलेलं टर्मिनल आतून मायनस होऊन बसतं. पुढचा माणूस छापील खुणा पाहून ती झटका मशीनला जोडतो. त्याचं काही चुकलेलं नसतं, तरी मशीन जातं.

आता फ्यूज. फ्यूज वायरला आग लागू नये म्हणून असतो. गाडीत आणि अशा मशीनमध्ये वापरतात त्या पात्याच्या फ्यूजसाठी आयएसओ 8820 हे मानक आहे. त्यानुसार दुप्पट करंट गेला तर फ्यूज 0.15 ते 5 सेकंदांत उडायचा असतो, आणि 10 टक्के जास्त करंटवर निदान 100 तास टिकला पाहिजे. आतली चिप एवढी वाट पाहत नाही. बहुतेक चिपांच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) पिनवर उलटा व्होल्टेज 0.3 ते 0.5 व्होल्टच्या पुढे नको असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि आपण लावतो 12. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी अशी मशीन उघडली की बहुधा एकच दृश्य दिसतं: मोठ्या कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या डबीचं) डोकं फुगून त्याची फुलीची खाच उघडलेली, खाली बोर्डावर तपकिरी ओल, सडक्या मासळीसारखा वास, आणि फ्यूज मात्र धडधाकट.

हे झटका मशीन शेतकऱ्याला हजारोंना पडतं. सातपुड्याच्या पायथ्याशी मक्यात, केळीत रानडुकरं शिरतात तेव्हा तेच कामाला येतं. मशीन बंद पडलं की काही जण कुंपणाच्या तारेत थेट घरची लाईन सोडतात. मशीनचा झटका सेकंदाला जेमतेम एक आणि क्षणभराचा, म्हणून जनावर दचकून मागे फिरतं. 230 व्होल्टची सलग लाईन माणूस मारते. म्हणून मला हे मशीन वाचवण्याची एवढी तळमळ आहे.

‘घरच्या प्लगला उलट-सुलट नसतं’ यावर फार लिहायची गरज नाही. घरची वीज एसी, तिची दिशा सेकंदाला 100 वेळा बदलते. बॅटरीची बदलत नाही. हो, साधा पिवळा बल्ब उलटा लावला तरी पेटतो, आणि फवारणी पंपाची साधी ब्रश मोटर उलटी फिरते, लगेच जळत नाही. एवढं मान्य. पण त्याच पंपात स्पीडचा बोर्ड असला तर तो जातो.

लाल-काळ्याचा नियम चांगला आहे, पुरेसा नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात लाल वायर फिकी गुलाबी होते, काळी मातकट होते, आणि कंदिलाच्या उजेडात दोन्ही सारख्याच. घरच्या वायरिंगची सवय असलेला वायरमन लाल म्हणजे फेज समजतो. राऊटरच्या ॲडॉप्टरचंही तसंच. पिन सारखी दिसली तरी मधला भाग प्लस की मायनस हे लेबलवरच्या गोलाच्या खुणेवरूनच कळतं. मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक प्लसला लावा. आकड्याआधी वजा दिसला तर उलटं आहे.

राहिला आडवा डायोड. कल्पना खोटी नाही. फ्यूजच्या पुढे, प्लस-मायनसच्या मध्ये उलटा डायोड टाकला की बॅटरी उलटी लागल्यावर करंट डायोडमधून जातो आणि फ्यूज उडतो. पण मेसेजमध्ये 1एन4007 नावाचा डायोड सांगितलाय. त्याची डेटाशीट पाहा: सलग 1 अँपिअर, आणि 30 अँपिअरचा धक्का फक्त 8.3 मिलिसेकंद, तोही एकदाच. 10 अँपिअरचा फ्यूज उडेपर्यंत हा डायोडच जातो. तो जळून तुटला की पुढचा बोर्ड पुन्हा उघड्यावर.

अर्धा-पाऊण अँपिअर खाणाऱ्या मशीनला प्लसच्या वायरीतच, करंट मशीनकडे जाईल अशा दिशेने, एक 1एन5822 टाका. तो 3 अँपिअरचा शॉटकी डायोड आहे, एवढ्या करंटला अर्ध्या व्होल्टपेक्षा कमीच खातो. दहा अँपिअरच्या कामाला साधा सिलिकॉन डायोड टाकाल तर 7 वॅटच्या आसपास नुसती उष्णता होईल, आणि जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात ती जाणार कुठे? तिथे पी-चॅनल मॉसफेट (ड्रेन, सोर्स, गेट अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच) हवा: ड्रेन बॅटरीच्या प्लसकडे, सोर्स मशीनकडे, गेट रेझिस्टरमधून मायनसला. बरेच जण ड्रेन-सोर्सची अदलाबदल करतात, मग आतला डायोड उलटा करंट आरामात सोडतो आणि मॉसफेट असून नसल्यासारखा होतो. 24 व्होल्टच्या सिस्टिमला गेट आणि सोर्सच्या मध्ये 12 व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टच्या वर जाऊ न देणारा डायोड) विसरू नका, कारण बहुतेक मॉसफेटचं गेट 20 व्होल्टच्या वर तग धरत नाही.