साडेतीन टनांचा हिशोब आधी सांगा ना!

इंग्लंडात मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बघायला गेलं की विक्रेता गाद्या दाखवतो, शॉवर दाखवतो, पण वजनाचा आकडा विचारला की लगेच विषय बदलतो. परवा पुन्हा तेच! सहा जणांची गाडी म्हणे. कमाल वजन 3,500 किलो, रिकामी गाडी 3,150. उरले 350. ड्रायव्हरचे 75 किलो त्या 3,150 मध्येच धरलेत, पण बाकीचे पाच जण? सत्तर-सत्तर किलोचे धरले तरी 350 तिथेच संपले. मग सायकली, कुकर, तांदळाची पिशवी डोक्यावर घेऊन बसायचं का?

वर सल्ला काय, तर ‘मोठं मॉडेल घ्या’. अहो, 1 जानेवारी 1997 च्या आधी कारची परीक्षा पास झालेल्यांना त्याच लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवायची मुभा आहे. भारतातलं लायसन्स इथे वर्षभरच चालतं, म्हणून मी 2009 साली इथली परीक्षा दिली. माझी मर्यादा 3,500. पुढे जायचं तर सी-वन हे जड गाड्यांचं लायसन्स, म्हणजे वैद्यकीय तपासणी आणि पुन्हा परीक्षा.

ट्रेलरचंही तेच. डिसेंबर 2021 मध्ये त्याची वेगळी परीक्षा गेली, तेव्हापासून जो तो ‘ओढा बिनधास्त’ म्हणतो. लायसन्सने परवानगी दिली म्हणून गाडीची ताकद वाढते का? गाडीवर कंपनीने लावलेल्या वजनाच्या पाटीवर (नंबरप्लेट नव्हे) गाडी आणि ट्रेलरचं मिळून कमाल वजन असतं. त्यातून गाडीचं कमाल वजन वजा करा, उरेल तेवढंच ओढायचं. तो आकडाच नसेल, तर ओढायचंच नाही. मी पाटी कुठे आहे विचारलं, तर विक्रेत्यालाच सापडेना!